पांढऱ्या लंगोटांचा हट्ट

आम्ही मडवळ. देशावर परीट म्हणतात, गोव्यात मडवळ. पेडण्यात, हरमलच्या थोडं अलीकडे आमचं गाव, आणि गावच्या देवाची पालखी निघाली की तिच्यापुढं पायघड्या घालायचा मान आमच्या घराकडे. बाबा पांढऱ्या कापडाचे लांब पट्टे एकापुढं एक अंथरत चालायचे आणि आई मागचे उचलून पुन्हा पुढं आणून द्यायची. एखाद्या पट्ट्यावर डाग दिसला तर बाबा दोन-दोन दिवस कुणाशी धड बोलत नसत. अशा घरात वाढल्यामुळं पांढऱ्या रंगातलं मला इतरांपेक्षा जास्त कळतं, असा माझा ठाम समज होता. तो समज मी माझ्या तीन महिन्यांच्या मुलीच्या लंगोटांवर चालवला, त्याची ही हकीकत.

धंदा मी केला नाही. गोवा मुक्त झाल्यानंतर जन्मलेली आमची पिढी शाळेत गेली आणि मी तर बी.कॉम. होऊन डिचोलीत, शिरगावच्या बाजूला, एका खाणीच्या वजनकाट्यावर कारकून म्हणून लागलो. भरलेला ट्रक काट्यावर चढला की वजन लिहायचं, रिकामा परतला की पुन्हा लिहायचं. भाड्याचं दोन खोल्यांचं घर रस्त्याच्या कडेलाच होतं. हंगामात दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे आणि त्यांच्यामागून उठलेली लाल धूळ कौलांवर, खिडक्यांवर, अळवाच्या पानांवर आणि माणसांच्या भुवयांवर बसायची. त्या गावात पांढरा म्हणून कुणी सदरा घेतच नसे. मी घेत असे, आणि तो पांढरा ठेवतही असे. लग्न होऊन बायको घरात आली तेव्हा तिसऱ्याच दिवशी तिच्या हातातला सदरा काढून घेऊन मी तिला धुणं शिकवायला बसलो. ती काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचे किती प्रकार आहेत ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ती बांद्याची, गोव्याच्या सीमेपलीकडची. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी गेली आणि तिथं आम्हाला मुलगी झाली. मी दर रविवारी बसनं जाऊन मुलगी बघून यायचो आणि आठवडाभर एकट्यानं डाळभात शिजवत पुढच्या रविवारची वाट बघायचो. पोरीचा तोंडवळा कुणावर गेला हे काही ठरत नव्हतं, पण ती हसायला लागली की नुसतं तोंड नाही, पायाच्या अंगठ्यापर्यंत हसायची. तिची कातडी मात्र फार नाजूक. कुणीतरी कौतुकानं प्लास्टिकची चड्डी भेट दिली होती. ती एका लग्नाला जाताना तासभर घातली, तर पोरीची मांडी मिरचीसारखी लाल झाली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, मऊ जुनं सुती कापड सोडून हिच्या अंगाला दुसरं काही लावू नका.

जुन्या कापडाला आमच्या घरी तोटा नव्हता. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांची धोतरं आईनं घडी करून ठेवली होती. ती आणि स्वतःची दोन जुनी लुगडी फाडून तिनं लंगोटांचा आणि दुपट्यांचा एक गठ्ठा बारशाला आणला. कापड इतकं मऊ झालेलं की हातात धरलं तर धरल्यासारखं वाटत नव्हतं. तो गठ्ठा बायकोच्या मांडीवर ठेवून आईनं बाळाच्या गालावरून उलटा हात फिरवला. आई लाड नेहमी उलट्या हातानंच करायची. लहानपणी ताप आला की ती उलट्या हातानं माझं कपाळ बघायची, परीक्षेत पास झालो तर उलट्या हातानं गाल कुरवाळायची. आमच्या घरची ती रीतच असावी असं मी समजून चाललो होतो.

तिसऱ्या महिन्यात बायको आणि मुलगी डिचोलीला आल्या. मी घर आतून-बाहेरून पुसून घेतलं होतं. पोर घरात शिरली आणि शिंकली, म्हणजे धूळ राहिलीच होती. तरी त्या दिवशी माझ्यासारखा सुखी माणूस अख्ख्या डिचोलीत नसेल. मी शेजारच्या चार घरी साखर वाटून आलो.

दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं, लंगोट मी धुणार. बायको बाळंतपणातून उठलेली, थंड पाण्यात हात घालू नये, हे एक कारण मी सांगितलं. खरं कारण म्हणजे तिनं आदल्या दिवशी धुतलेल्या लंगोटांवर मला धुळीची तांबूस झाक दिसली होती. माझ्या मुलीला हा लाल चिखल गुंडाळायचा? मडवळाच्या नातीला? माझं डोकंच फिरलं.

घराच्या खालच्या उतारावर झर होती, वाहत्या पाण्याचा झरा. तिथं गावातल्या बायका धुणं धुवायच्या आणि त्यांच्यात मी एकटा बाप्या, बाल्दी घेऊन. पहिल्या दिवशी त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी हसणं थांबलं, कारण माझे लंगोट वाळले होते आणि ते सगळ्यांना दिसत होते. मी रात्रभर ते धुण्याच्या सोड्यात भिजत घालायचो, पहाटे त्याच सोड्याच्या पाण्यात उकळायचो, झरीवर आपटायचो, वर पुन्हा साबण, शेवटी नीळ. ट्रक सुरू व्हायच्या आत वाळवून घरात आणायचे म्हणून घाई असायची. एकदाच पाण्यातून काढायचे आणि पिळायचे. पण काय पांढरे! शेजारची वहिनी, तिचा नवरा मालवणकडचा, ट्रकवर ड्रायव्हर, दोरीखाली उभी राहून म्हणाली, "भाऊ, तुमच्या चेडवाचे लंगोट बगून माझ्या लग्नातल्या साडयेक लाज वाटता."

मी दोन दिवस त्या वाक्यावर जगलो.

पाचव्या दिवशी पोरीच्या ढुंगणावर पुरळ आलं. सातव्या दिवशी ते मांड्यांवर उतरलं. एरवी खुदखुदणारं बाळ लंगोट बांधला की किंचाळायला लागलं आणि सोडला की हुंदके देत गप्प व्हायचं. डिचोलीच्या डॉक्टरांनी मलम दिलं, हवेशीर ठेवा म्हणाले. आम्ही मलम लावलं, हवेशीर ठेवलं, पण लंगोट बांधावा तर लागायचाच. मी निदान केलं, धूळ. या धुळीचे बारीक कण कापडात शिरतात आणि पोरीला टोचतात. उपाय उघड होता. मी सोडा दुप्पट केला.

कातडी आता ओली दिसायला लागली. बायको पोरीला उपडी घालून पंख्यानं वारा घालत बसलेली असायची, आणि मी समोर दोरीवर बगळ्यासारखे पांढरे लंगोट वाळत घालत असायचो. मला खरोखर वाटत होतं की मी माझ्या मुलीसाठी लढतो आहे. एका सोमवारी मी कामावरून आलो तर बायकोची कापडी पिशवी खुंटीला भरून टांगलेली.

"आयतवारापर्यंत ह्यां बरां झालां नाय," ती शांतपणे म्हणाली, "तर मी चेडवाक घेवन बांद्याक जातंय. पावस लागलो, ट्रक बंद झाले, की मगे येतंय."

"पाऊस? अजून तीन महिने आहेत!"

"ठावक आसा माका. थंय तिची कातडी लोण्यासारखी होती. हय येवन ह्यां झालां."

मी ओरडलो. ती तुमची बांद्याची हवा, हा तुमचा माझ्या घरावरचा राग, असं काहीबाही बोललो. ती बोलली नाही. हा न बोलण्याचा कुठला प्रकार, तो मात्र मला लगेच कळला. ती जाणार होती. आणि पुन्हा तो डाळभात, पुन्हा ते रविवार, आणि मधल्या काळात पोर बसायला शिकणार, दात येणार, आणि मी काट्यावर ट्रकांची वजनं लिहीत बसणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हापशाला जाणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे निरोप दिला, तो पेडण्याच्या बसवाल्याला देईल असं सांगून. आई तेव्हा हरमलच्या समुद्राकडच्या खोल्यांमधल्या चादरी धूत असे. तिथं गोरे पाहुणे उतरायचे आणि खोलीवाल्यांना रोज पांढऱ्या चादरी लागायच्या. मी निरोपात एवढंच सांगितलं, की धुणं जमत नाही, ये. आयुष्यात हे वाक्य तोंडातून काढताना मला जे वाटलं ते मी इथं लिहीत नाही.

आई गुरुवारी दुपारी आली. बाळाला बघायच्या आधी ती ओसरीवरच्या दोरीपाशी थांबली, तिथं पहाटेचे लंगोट आत आणून टांगले होते. मी अर्धी रजा काढून मागं उभा. खरं सांगायचं तर, इतकं सगळं होऊनही, तिनं "काय पांढरे धुतलंस रे" म्हणावं अशी माझी इच्छा होती.

तिनं एका लंगोटाचं टोक उचललं आणि जिभेला लावलं.

मी जागच्या जागी थिजलो. कारण ते मला येत होतं. बाबा प्रत्येक कपडा वाळल्यावर त्याचं टोक जिभेला लावायचे. खारट, झोंबरं लागलं तर सोडा उतरलेला नाही, परत पाण्यात. मी सात-आठ वर्षांचा असताना ते मलाही चाखायला लावायचे आणि मी तोंड वेडंवाकडं केलं की हसायचे. ही आमच्या धंद्यातली पहिली गोष्ट, अक्षरांच्या आधी शिकलेली. आणि मी एवढ्या दिवसांत एकदाही लंगोट जिभेला लावला नव्हता. नुसता डोळ्यांनी बघत होतो.

आई थुंकली. "चाक," म्हणाली.

मी चाखलं. जीभ चुरचुरली.

"पांढरो दिसता," ती म्हणाली, "पण ह्यो कपडो न्हय, ह्यो सोडो वाळत घातलंस."

मग ती आत गेली. बायकोनं पोरीचं दुपटं बाजूला केलं. आईनं वाकून बराच वेळ बघितलं. मी धुळीचं सांगायला तोंड उघडलं तर तिनं हात वर करून मला थांबवलं आणि तोच हात, तळवा वर करून, पोरीच्या मांडीजवळ धरला.

"ह्यां धुळीचां न्हय रे. बग."

तिच्या तळव्यावर भेगा होत्या. बोटांच्या पेरांमध्ये कातडी सोललेली, कडा लाल, मध्येच ओलसर. तेच. अगदी तेच, फक्त तिचं जुनं आणि वर राठ झालेलं. मी तिच्या हातांनी धुतलेले कपडे घालून शाळेत गेलो, कॉलेजात गेलो, त्या कपड्यांच्या पांढरेपणावरून पोरांशी मारामाऱ्या केल्या. तो हात मात्र मी असा कधी बघितला नव्हता. आणि ज्या सोड्यानं तिच्या हाताचं हे झालं तोच मी माझ्या मुलीच्या अंगाला चोळत होतो. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

"रडतस कित्याक?" आई म्हणाली. "बाल्दी हाड." मी बाल्दी आणून तिच्यापुढं ठेवली.

त्या संध्याकाळी दोरीवरचे सगळे लंगोट पुन्हा झरीवर गेले. सोडा नाही, नीळ नाही. साबणाचा नुसता एक हात. आणि मग पाणी, दुसरं पाणी, तिसरं पाणी, आणि प्रत्येक वेळी आईची जीभ, माझी जीभ, शेवटी बायकोचीही जीभ, कारण तिला आमच्या दोघांच्या जिभांवर विश्वास राहिला नव्हता. आम्हा तिघांना लंगोट चाखताना बघून झरीवरच्या बायकांना हसून हसून कळशा उचलवेनात. चौथ्या पाण्याला कापडाला कसलीच चव लागेना. बायको म्हणाली, "आता पाण्यासारखां लागता," आणि आईनं तिच्याकडे अशी मान डोलावली जशी तिनं माझ्याकडे उभ्या जन्मात डोलावली नव्हती.

पण झरीच्या पाण्यातच खाणीचा लाल गाळ होता, आणि आमचे लंगोट दोनच दिवसांत सोलकढीच्या रंगाचे झाले. मी मागच्या बाजूला, केळीआड दोरी बांधली. आईनं ती सोडून पुढं रस्त्याला बांधली, तिथं ऊन चांगलं होतं म्हणून. काट्यावर रोज भेटणारे ड्रायव्हर जाता-येता हॉर्न वाजवू लागले. आणि शेजारच्या वहिनीनं संधी सोडली नाही. "काय गे मावशे, मडवळाच्या घरात सोलकडी वाळत घातल्यात?"

"होय," आई म्हणाली, "आमच्या चेडवाक ती रुचता."

मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण घरात चाललेलं मी बघत होतो. शुक्रवारी रात्री पोर लंगोट बांधताना नुसतीच कुरकुरली. शनिवारी तिनं पाय झाडले, किंचाळली नाही. आंघोळीनंतर बायको तिला खोबरेल लावायची. आई शेजारी बसून सांगायची, जरा खाली, जरा वर, पण स्वतः हात लावत नव्हती. बायको म्हणाली, "तुमीच लावा की." आई म्हणाली, "माझो हात टोचता तिका."

हे ती अगदी सहज म्हणाली, आमटीत मीठ जास्त झालंय म्हणावं तसं. बायकोनं तेलाची वाटी खाली ठेवली. मग काही न बोलता तिनं आईचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि पोरीला लावत होती तेच तेल त्या तळव्याला चोळायला लागली. आई संकोचली, हात मागं घेऊ लागली, पण माझ्या बायकोनं एकदा धरलेलं काही सुटत नाही. तिच्या न बोलण्याचा हा आणखी एक प्रकार मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

रविवार उजाडला. मी पहाटेपासून खुंटीवरच्या पिशवीकडे बघत होतो आणि तिकडे बघत नाही असं दाखवत होतो. पोरीच्या मांड्यांवरचा ओलेपणा सुकला होता, लाली फिकी झाली होती, पूर्ण गेली नव्हती. हे बरं झालं म्हणायचं की नाही, याचा निकाल बायकोच्या हातात. रविवारी ट्रक बंद, त्यामुळं घर नको तितकं शांत होतं. साडेआठच्या सुमाराला पोरीनं लंगोट ओला केला, दुसरा बांधला तोही केला, तिसराही केला, आणि दोरीवरचे सगळे अजून ओले. बायकोनं इकडं-तिकडं बघितलं, उठली, खुंटीवरची पिशवी काढली, आत हात घालून तळाशी बांद्याला न्यायला ठेवलेले चार कोरडे लंगोट काढले. तिनं चारही जिभेला लावून बघितले. दोन चाखून तोंड वाकडं केलं आणि ते बाल्दीत टाकले. उरलेल्यातला एक पोरीला बांधला आणि रिकामी पिशवी झटकून, घडी करून, फळीवर ठेवून दिली.

"बस चुकली मगे?" मी विचारलं.

"कसली बस?" ती म्हणाली. पोर हसली, अंगठ्यापर्यंत. मी बाहेर जाऊन पाव आणले आणि येताना उगाचच रस्त्यात भेटेल त्याला थांबवून नमस्कार करत आलो.

आई दोन दिवसांसाठी आली होती, ती महिनाभर राहिली. हरमलच्या खोलीवाल्यांचे निरोपावर निरोप आले, गोरे पाहुणे मातकट चादरींवर झोपतायत म्हणून. "झोपतले," आई म्हणायची, "तेंका काय पुरळ येवचां नाय." दिवसभर ती नातीशी गप्पा मारायची, लंगोट नुसत्या पाण्यातून काढायची, आणि संध्याकाळी बायको आधी पोरीला आणि मग तिला तेल लावायची. पोरीची कातडी दहा-बारा दिवसांत होती तशी झाली. आईचे हात हळूहळू. आधी भेगांची तोंडं मिटली, मग सालं निघाली, खालून नवी कातडी आली. ती मधूनच ऊन असेल तिथं जाऊन तळवे उलटसुलट करून बघायची. आम्ही बघतो आहोत हे लक्षात आलं की पदराला पुसल्यासारखं करायची.

तिच्या जाण्याच्या दिवशी आम्ही सगळे बसथांब्यावर गेलो. पोर बायकोच्या कडेवर, सोलकढीच्या रंगाचा लंगोट बांधून, आणि मी पांढरा सदरा घालून. लांबून बस दिसली तशी आई पुढं झाली. पोरीच्या गालाकडे तिचा हात नेहमीसारखा उलटा गेला, मध्येच थांबला आणि सावकाश सुलटा झाला. तिनं पूर्ण तळवा पोरीच्या गालावर ठेवला. पोरीनं मान तिरकी करून गाल त्यात टेकवला.

बस थांबली. कंडक्टर घाई करत होता. आई वळली, आणि पायरीवर पाय ठेवायच्या आधी तोच तळवा तिनं माझ्या गालावरून फिरवला. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. माझ्या आईचा तळवा कसा लागतो ते मला त्या दिवशी कळलं.